परीक्षेला आणायचा माणूस

आमच्या विषयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला विद्यार्थ्याने तीन गोष्टी आणायच्या असत. पेन, सही झालेलं जर्नल आणि एक जिवंत माणूस. केमिस्ट्रीवाल्यांना क्षार कॉलेज पुरवतं, झूलॉजीवाल्यांना झुरळ कॉलेज पुरवतं. मानसशास्त्राला माणूस लागतो आणि तो ज्याचा त्याने आणायचा. पुस्तकी मराठीत त्याला 'प्रयुक्त' म्हणतात, बोलताना आम्ही सगळे 'सब्जेक्ट'च म्हणतो. विद्यार्थी त्याच्यावर प्रयोग करणार, बाहेरून आलेले परीक्षक मागे उभे राहून बघणार, मार्क विद्यार्थ्याला मिळणार. सब्जेक्टला चहा.

अट एकच, पण ती पक्की. त्या माणसाला मानसशास्त्र येत नसावं आणि आपल्यावर नेमकं काय चाललंय हे आधी ठाऊक नसावं. त्यामुळे वर्गमैत्रीण चालत नसे. मग मुलं मावशा आणत, मेसच्या काकूंना आणत, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आणत, आणि ते अर्ध्या प्रयोगात परीक्षकांचीच उलटतपासणी घेत. एका मुलीने तर तिला सांगून आलेल्या मुलालाच आणलं होतं. स्मरणाच्या प्रयोगात त्याला निम्मेही शब्द आठवले नाहीत. लग्न काही झालं नाही, पण मुलीला मार्क चांगले पडले, कारण निष्कर्ष तिने फार मनापासून लिहिला होता.

दर वर्षी कुणाचा तरी माणूस ऐनवेळी येत नसे. मुलगी जिन्यात रडत बसायची. कॉलेज पुण्यातल्या कसबा पेठेच्या अगदी लगत, त्यामुळे गल्लीतून कुणाला तरी धरून आणता यायचं, पण तो माणूस दुकान उघडं टाकून आलेला असायचा आणि त्याचं सगळं लक्ष खिडकीबाहेर. म्हणून मी एक राखीव माणूस ठेवला होता. तो म्हणजे आमचे हे.

(मानसशास्त्राची प्राध्यापिका असून नवऱ्याला 'हे' म्हणते, म्हणून माझ्या मुलीने मला बरंच सुनावलेलं आहे. तिचं बरोबर आहे. पण सवयी कशा जडतात ते मी शिकवते. सोडायच्या कशा, ते अभ्यासक्रमात नव्हतं.)

हे हडपसरच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टूलरूमला होते, यंत्रावर सुटे भाग घासून मापात आणायचं काम. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मी परीक्षकांच्या हातापाया पडून आमची प्रात्यक्षिकं गुरुवारी लावून घ्यायची. मग हे विश्रांतवाडीहून इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर बसने यायचे आणि लॅबच्या बाहेरच्या बाकावर पेपर वाचत थांबायचे, मोटारीत स्टेपनी असते तसे. बहुतेक वर्षी ती लागायचीच.

त्यांच्या वाट्याला नेहमी यायचं ते आरशातलं रेखाटन. कागदावर दुहेरी रेषेत काढलेला एक तारा असतो. तो थेट दिसू नये म्हणून वर पत्र्याचा आडोसा, आणि समोरच्या आरशात बघून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. हात उलटा पळतो. साधारण माणूस पहिल्यांदा रेषा ओलांडतो, वैतागतो, हसतो आणि पुढच्या खेपेला सुधारतो. त्या सुधारण्याचा आलेख काढायचा, एवढाच प्रयोग. पण ह्यांनी रेषा कधी ओलांडलीच नाही. पेन्सिल मुंगीच्या पावलाने सरकायची. परीक्षक चहा पिऊन, तंबाखू मळून परत यायचे तरी तारा दुसऱ्याच टोकावर असायचा. मी एकदा बसमध्ये म्हटलं, अहो, जरा भरभर काढा, रेषेला लागलं तर लागू द्या, प्रयोग त्याचाच आहे. त्यावर हे म्हणाले, "रेषेला लागलं तर आमच्याकडे जॉब भंगारात जातो." इतकी वर्षं तोच तारा काढूनही त्यांचा वेग वाढला नाही. त्यामुळे दर वर्षी ते नवेच राहायचे, आणि अट आपोआप पाळली जायची.

एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, हे गृहस्थ कोण? म्हटलं, आणलेत एकांनी.

अशाच एका गुरुवारी हे ज्या मुलीच्या कामी आले, ती हडपसरच्या पलीकडच्या एका गावातली. घरची शेती होती, आणि ती शेती तेव्हा नुकती शहराच्या तोंडाशी आली होती. तिचा भाऊ सब्जेक्ट म्हणून येणार होता, तो जमिनीच्या मोजणीला थांबला. पहिल्या वर्षी ही मुलगी वर्गात 'आहे'ला 'हाय' म्हणाली की पुढच्या बाकावरच्या पेठेतल्या मुली एकमेकींकडे बघून ओठ दाबायच्या. मी न ऐकल्यासारखं करायची, कारण प्राध्यापक खोलीत माझ्या पाठीमागे काय दाबलं जातं हे मलाही ठाऊक होतं. ती मुलगी ह्यांच्यासमोर न चुळबुळता बसून राहिली आणि तिने निष्कर्षात लिहिलं, की प्रयुक्ताने वेगापेक्षा अचूकपणाला महत्त्व दिले, सबब अध्ययनाचा आलेख मिळाला नाही. आलेख मिळाला नाही हे खरं लिहिणारी ती एकटीच. बाकीच्यांनी असल्या वेळी आलेख घरीच काढून आणलेला असे. त्या वर्षी तिला लॅबमध्ये सगळ्यांत जास्त मार्क पडले. आठवड्याने ती ओल्या हरभऱ्याचे ढाळे घेऊन आमच्या घरी आली आणि ह्यांच्या पाया पडली.

मी शिकवायची त्यात एक भाग मुलांना फार आवडायचा. व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्यांत मध्येमध्ये काही प्रश्न पेरलेले असतात. मी कधीच उशिरा पोचत नाही. दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही. मी कुणाच्या मागे त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही. वरवर साधे. पण जगात असा माणूस नसतो, असं आम्ही धरून चालतो. जो या सगळ्यांना 'होय' म्हणतो तो स्वतःला रंगवतोय, आणि त्याची उत्तरं धरायची नाहीत. याला लाय स्केल म्हणायचं, म्हणजे खोटेपणा मोजायची पट्टी. मी वर्गात ते रंगवून सांगायची. माझ्या एका आत्याची नक्कल करायची. मुलं हसायची. शेवटी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायची: 'उत्तरपत्रिका बाजूला ठेवा.' आणि बजावायची, माणूस कितीही सज्जन दिसला तरी दया दाखवायची नाही, दया दाखवाल तर ते शास्त्र राहणार नाही. मला ते वाक्य फार आवडायचं. खडू खाली ठेवता ठेवता मी ते म्हणायची.

तोवर आमचा विषय म्हणजे ज्यांना अर्थशास्त्रात जागा मिळाली नाही त्यांचा विषय. नातेवाईक विचारायचे, म्हणजे तुम्ही वेड्यांना शिकवता का? मग पुण्याच्या चारी बाजूंना काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या आणि त्यात भरायला माणसं लागली, आणि माणसं निवडायला आमची पोरं लागली. ज्या प्राचार्यांनी जिन्याखालची खोली आम्हाला लॅब म्हणून दिली होती, त्यांनी विभागाच्या पाटीवर 'व मनुष्यबळ विकास' हे शब्द रंगवून घेतले. खोली जिन्याखालचीच राहिली. मला मात्र प्राध्यापक खोलीत पंख्याखालची खुर्ची मिळायला लागली, आणि लाज वाटली नाही असं काही नाही, पण मी बसले.

त्याच सुमारास ह्यांच्या कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली. त्यात स्वेच्छा कुणाची, हे विचारायची पद्धत नव्हती. टूलरूम बंद झालं, यंत्रं ट्रकवर चढली. हे पन्नाशीच्या अलीकडे होते. निरोपाला मिळालेली सुटकेस त्यांनी माळ्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, दाढी करून, बूट घालून पुढच्या खोलीत बसले. कुठे निघालात, असं विचारायचं धैर्य मला झालं नाही. बस जाण्याची वेळ टळल्यावर त्यांनी बूट काढले. हे असं पुढे कितीतरी दिवस चाललं. सोसायटीतले सगळे नळ त्यांनी दुरुस्त केले, गळत नव्हते तेसुद्धा. मुलगी अकरावीत होती. ती माझ्या कानात म्हणाली, आई, बाबांना कुठेतरी जायला पाहिजे. घरात मानसशास्त्र मी शिकलेली, आणि निदान तिने केलं.

आणि मग ती ढाळे घेऊन आलेली मुलगी पुन्हा आली. आमच्याच कॉलेजात करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमाला, पाहुणी म्हणून. हडपसरच्या एका आयटी कंपनीत ती एचआरला मोठ्या जागेवर होती. बोलणं निम्मं इंग्रजीत, 'हाय' फक्त फोन उचलताना. मला बघून व्यासपीठावरून खाली आली. घरची चौकशी केली, सरांची, म्हणजे ह्यांची, केली. मी सांगितलं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, की त्यांच्याकडे इमारतीची देखभाल बघायला एक माणूस हवाय. एसी, लिफ्ट, जनरेटर, कंत्राटदारांवर लक्ष. "मॅडम, सरांसारखाच माणूस शोधतोय आम्ही. इंटरव्ह्यू मी बघते. फक्त एक ऑनलाइन टेस्ट आहे, ती सगळ्यांनाच असते. ती तर तुमच्या घरचीच." आम्ही दोघी हसलो.

मुलाखत झाली, तिच्या वरच्या साहेबांना हे पसंत पडले. एका एसीचा आवाज ऐकून त्यांनी आत काय सैल झालंय ते सांगितलं होतं म्हणे. टेस्ट देऊन घरी आले ते कितीतरी दिवसांनी शीळ घालत. ह्यांच्या जुन्या कंपनीच्या रस्त्यावरच ती इमारत, तीच बस, म्हणून जास्तच खुश. चहा घेताना म्हणाले, माउस जरा त्रास देतो, बाकी सोपं होतं. आणि एकेक प्रश्न सांगायला लागले. उशिरा पोचता का? शब्द मोडता का? कुणाच्या मागे बोलता का?

"काय उत्तर दिलंत?" मी विचारलं.

"काय म्हणजे? खरं ते दिलं."

इथे ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझे सासरे दीक्षेनंतरच्या पहिल्या पिढीतले. विश्रांतवाडीच्या घरात रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हटलं जाई, आणि चौथं शील, म्हणजे खोटं न बोलण्याचं, म्हणताना सासरे चष्म्यावरून आळीपाळीने मुलांकडे बघत. बाकीची मुलं त्यातून सुखरूप मोठी झाली. ह्यांना ते लागलं. हे खरोखरच उशिरा पोचत नाहीत. लग्नाला पोचले होते तेव्हा मांडवात सतरंजी अंथरली जात होती. शब्द मोडत नाहीत, म्हणून देतच नाहीत फारसा. आणि कुणाच्या मागे बोलत नाहीत, कारण जे बोलायचं ते तोंडावर बोलून झालेलं असतं; त्यामुळे आमचे नातेवाईकही मोजकेच. अशा माणसाबरोबर संसार करणं सुखाचं असतं असं कुणी समजू नये. पण तो माणूस आहे. मी वर्गात सांगायची तसा 'नसतो' असं नाही. माझ्या समोर बसून चहात बिस्किट बुडवत होता.

तिचा फोन दोन दिवसांनी आला. आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "मॅडम, सरांचा लाय स्केल पूर्ण वर गेलाय. सिस्टीम पुढचं प्रोफाइलच काढत नाही."

मी म्हटलं, अगं, तू ओळखतेस ना त्यांना? तूच लिहिलं होतंस, अचूकपणाला महत्त्व देतात म्हणून.

"मी ओळखते हो. पण सिस्टीमला मी काय सांगू? वर बसलेले विचारणार, याला कशावरून सोडलं." आणि पुढे म्हणाली, "अशी उत्तरपत्रिका बाजूला ठेवायची, दया दाखवायची नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं, मॅडम. मी अजून ट्रेनिंगमध्ये तुमचं ते वाक्य सांगते." टोमणा नव्हता तो. ती खरंच माझ्या ऋणात असल्यासारखी बोलत होती, तेच जास्त लागलं.

मग तिने सांगितलं, की पंधरवड्याने पुन्हा एकदा टेस्ट देता येते, ती तेवढं करू शकते. सरांना थोडी नॉर्मल उत्तरं द्यायला सांगा.

नॉर्मल उत्तरं शिकवण्याचा वर्ग आमच्या जेवणाच्या टेबलावर भरला. आयुष्यभर मी मुलांना शिकवलं, की सब्जेक्टला उत्तर सुचवणं हे आपल्या धंद्यातलं सगळ्यांत वाईट काम. आता मी प्रश्न वाचत होते, मुलगी शेजारी बसून उत्तरं तपासत होती, आणि हे समोर हाताची घडी घालून.

कधीकधी तुम्ही दुसऱ्याच्या मागे बोलता. होय म्हणा, मी सांगितलं.

"कुणाच्या?"

"अहो, कुणाच्याही."

"नाव सांग एक. मी बोललो असेन तर होय म्हणतो."

मुलगी म्हणाली, "बाबा, आत्याबद्दल बोलता की."

"तिच्या तोंडावर बोलतो. ते विचारलंय का त्यात?" नाही, मी कबूल केलं. "मग प्रश्न अर्धवट आहे," असं म्हणून त्यांनी पुढचा वाचायला सांगितला.

मी त्यांना समजावलं, की हे खोटं बोलणं नव्हे, हे फक्त चारचौघांसारखं दिसणं. अशा परीक्षांत थोडेसे दोष दाखवणाऱ्यालाच प्रामाणिक धरतात. मी शिकवायच्या त्याच सुरात बोलत होते, मध्ये एकदा तर आत्याची नक्कलही केली. मुलगी हसली. हे हसले नाहीत. बराच वेळ टेबलावरचा मिठाचा सट फिरवत राहिले. मग त्यांनी मला जे विचारलं ते रागाने नव्हतं, नीट समजून घ्यायला विचारतात तसं होतं.

"म्हणजे मी आहे तसं सांगितलं तर मी खोटारडा. इतकी वर्षं तू हे शिकवत होतीस?"

मी म्हटलं, सरासरीचा विचार करावा लागतो.

"बरं," ते म्हणाले. "वाच पुढचा."

आणि मग ते शिकले. आरशातला तारा इतक्या वर्षांत शिकले नाहीत, हे तीन संध्याकाळींत शिकले. दुसरी टेस्ट देऊन आले तेव्हा शीळ नव्हती. तिचा फोन त्याच दिवशी आला; व्यवस्थित आलं मॅडम, अगदी नॉर्मल रेंजमध्ये. आनंदात ती एकदम म्हणाली, "सर आता आमचेच हायत." मी तिचे आभार मानले. मनापासून मानले, कारण पहाटे बूट घालून बसलेला माणूस मी किती महिने बघत होते ते मलाच ठाऊक.

हे कामावर जायला लागले. तीच बस. गळ्यात पट्टा, त्यावर फोटो. काम मात्र पुढे सरकून स्वागतकक्षापर्यंत आलं, म्हणजे एसी बंद पडला की तो का बंद पडलाय ते न सांगता 'लवकरच सुरू होईल' असं सांगण्याचं. ते तसं सांगतात. मुलीचं इंजिनिअरिंग त्यावर झालं. तक्रार त्यांनी एकदाही केली नाही, आणि मला ती करण्याचा अधिकार नाही.

हे कामावर लागल्यानंतरच्या पहिल्याच पौर्णिमेला आम्ही तिघं घरी वंदना घ्यायला बसलो. सासऱ्यांच्या माघारी पुढे म्हणणारे हेच. त्यांनी एकेक शील म्हणायचं, आम्ही मागून म्हणायचं. तिसरं झालं आणि हे थांबले. मला वाटलं खोकला आला. मुलीने माझ्याकडे बघितलं. मेणबत्तीकडे बघत ते बसले होते, ओठ मिटून. मग त्यांनी पाचवं सुरू केलं. आम्ही मागून पाचवं म्हटलं. अजूनही आमच्या घरी पंचशील चारांचं होतं.

पुढच्या वर्षीची प्रात्यक्षिकं नेहमीप्रमाणे मी खटपट करून लावली, आता त्यांच्या नव्या सुट्टीच्या वारी, शनिवारी. सकाळी मी त्यांचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. त्यांनी तो उचलून कपाटात परत लावला.

"मी नाही येत आता."

का, म्हणून विचारलं. बरं नाही का?

"तुमची अट आहे ना, माणसाला काही माहीत नसावं अशी. मला आता उत्तरं माहीत आहेत." एवढं बोलून ते पेपर वाचायला बसले. अहो, तारा काढायला उत्तरं लागत नाहीत, असं म्हणणार होते. पिशवी उचलली आणि बस गाठली.

त्या दिवशी एका मुलाची मावशी आलीच नाही. मी स्वतः कसब्यातल्या गल्लीत गेले आणि तांब्याची भांडी विकणाऱ्या दुकानातल्या एका गृहस्थांना अर्ध्या तासासाठी मागून आणलं. ते आरशात बघून हसले, पेन्सिल धरली आणि चार-पाच ठिकाणी रेषा ओलांडून तारा चटकन पुरा केला. दुसऱ्या खेपेला कमी ठिकाणी, तिसऱ्या खेपेला त्याहून कमी. मुलाचा आलेख पुस्तकातल्यासारखा खाली उतरत गेला.

परीक्षक खुश झाले. "वा, मॅडम," ते म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा धड सब्जेक्ट मिळाला तुमच्याकडे."

मी त्या गृहस्थांना चहा सांगितला.